न झालेल्या गोष्टींची किंमत

आज ‘अभाव’ या विषयाला एक उदाहरण घेऊ, आणि तेही अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं. घाबरू नका, खेळ माहीत नसला तरी चालेल.

२००६ सालची गोष्ट. बेन वॉलेस हा डेट्रॉइट पिस्टन्सचा सेंटर. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही निवडलं नव्हतं. पुढे तो चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २००४ मध्ये त्याचा संघ विजेता झाला. २००६ मध्ये त्याचा करार संपला आणि तो फ्री एजंट झाला, म्हणजे कोणत्याही संघाशी बोलणी करायला मोकळा. शिकागो बुल्सनं त्याला ४ वर्षांसाठी ६ कोटी डॉलर दिले. आता प्रश्न असा, की जो फारसे गुण मिळवतच नाही, त्याचं मोल ठरवायचं कसं?

तुम्ही म्हणाल, ब्लॉक मोजा, रीबाउंड मोजा. जरूर मोजा. पण मोठ्या बचावपटूचं खरं काम ब्लॉकच्या आधीच होतं. समोरचा खेळाडू बास्केटकडे निघतो, याला पाहतो, वळतो आणि लांबून कसातरी फटका मारतो. जवळचा सोपा फटका झालाच नाही! आणि न झालेल्या गोष्टीची नोंद कोणत्याही तक्त्यात नसते.

इथे आपले भाट्ट मीमांसक मदतीला येतात. ‘अनुपलब्धि’, म्हणजे न आढळणं, हे त्यांनी स्वतंत्र प्रमाण मानलं. पण अट घातली. जमिनीवर घागर असती तर दिसलीच असती, आणि दिसत नाही, म्हणून ती नाही. अंधारात मात्र ‘दिसत नाही’ याला काही अर्थ नाही. तसंच इथे. जवळचे फटके कमी झाले एवढं पुरेसं नाही. तो नसता तर ते झाले असते, हे दाखवावं लागतं. म्हणून तो मैदानावर असताना आणि बाकावर असताना, अशी तुलना करायची.

त्यातही एक खोच आहे बरं का. नैयायिक सांगतात, अग्नी तिथे धूर हे सरसकट खरं नाही. लाकूड ओलं असेल तरच. हे ओलेपण म्हणजे ‘उपाधि’. मग ‘वॉलेस तिथे भक्कम बचाव’ यातही उपाधि असेल का? डेट्रॉइटमध्ये त्याच्या जोडीला टेशॉन प्रिन्स आणि रशीद वॉलेससारखे उत्तम बचावपटू होते. शिकागो एकट्या वॉलेसला घेत होतं, ओलं लाकूड डेट्रॉइटलाच राहणार होतं.

दुसरी गोष्ट काळाची. कीर्ती मागची असते, पैसे पुढच्या वर्षांचे द्यायचे असतात. वॉलेस तेव्हा ३१ वर्षांचा, उंची ६ फूट ९ इंच, म्हणजे सेंटरच्या मानानं कमीच. त्याचं बळ उडीत आणि चपळाईत होतं, आणि वय पहिला घाव तिथेच घालतं.

तिसरी गोष्ट, मैदानाला दोन टोकं असतात. त्याचे फ्री थ्रो शंभरात चाळीसच्या आसपास पडायचे. त्याच्यावर लक्ष ठेवणारा खेळाडू खुशाल इतरांच्या मदतीला जाऊ शकत होता. ही वजाबाकी करावीच लागते.

आणि शेवटी, त्याच्याऐवजी काय गमावलं? सॅलरी कॅपमुळे पैसा मर्यादित. त्याच उन्हाळ्यात शिकागोनं २३ वर्षांच्या टायसन चँडलरला न्यू ऑर्लिन्सकडे पाठवलं.

पुढे काय झालं? पहिल्या वर्षी शिकागोचे विजय ४१ वरून ४९ झाले. गतविजेत्या मायामीला त्यांनी ४-० हरवलं आणि मग डेट्रॉइटकडूनच ते हरले. फेब्रुवारी २००८ मध्ये वॉलेस क्लीव्हलँडला गेला. २०१२ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला चँडलर.

म्हणून निर्णय चुकला, असं लगेच म्हणू नका. चँडलरचं २०१२ कुणाला २००६ मध्ये दिसणार नव्हतं. पण त्याचं वय दिसत होतं, वॉलेसचंही दिसत होतं, आणि सोबतीही दिसत होते. निर्णयाची परीक्षा निकालावरून करायची नाही; त्या दिवशी जे दिसू शकत होतं, ते पाहिलं का, एवढंच विचारायचं. माझं मत विचाराल, तर वॉलेसला घेणं समजण्यासारखं होतं. चार वर्षांची हमी देणं आणि तरुण चँडलरलाही सोडणं, या दोन्ही गोष्टी एकदम करणं मात्र जड गेलं.