अखेरच्या आजारातली सेवा: ती पारखावी कशी?



डॉक्टरांच्या तोंडचे एक वाक्य आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरांनी ऐकलेले आहे. ‘आता यांना घरी घेऊन जा. होईल तेवढी सेवा करा.’ हे वाक्य ऐकून माणसे दवाखान्याच्या पायऱ्या उतरतात, गाडी ठरवतात, आणि गाव येईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. डॉक्टरांचे चुकले असे मी म्हणत नाही. ज्या आजाराला उतार नाही त्याच्यापुढे तेही काय करणार! पण सेवा करा म्हणजे नेमके काय करा? जखम कशी धुवायची, रात्री दोन वाजता दुखणे उसळले तर काय द्यायचे, घोटभर पाणीही गिळवत नसेल तर काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे त्या वाक्यात नसतात.

ती उत्तरे देणारे एक शास्त्र आहे. इंग्रजी नावाने त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक सेवा म्हणू या. रोग बरा होणार नसला तरी रोग्याचा त्रास कमी करता येतो, हा त्याचा पाया. अशा रोग्यांसाठी जे घर चालवतात त्याला हॉस्पिस हे नाव पडले आहे. या कामाला आजचे रूप दिले ते सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंनी. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. दुखणे केवळ शरीराचे नसते; मनाचे, पैशाचे, घरादाराच्या काळजीचे दुखणे त्यातच मिसळलेले असते, असे त्यांचे सांगणे होते. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ निघाले, ते या देशातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र आहे. तिथे रोग्याबरोबर घरचे माणूस राहते आणि सेवा करायला शिकून घरी परतते. नागपुरातही ‘स्नेहांचल’ या नावाने असे काम चालत आले आहे.

पण वांदरे कुठे आणि वणी कुठे! नागपूरसुद्धा यवतमाळहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि उमरखेड-महागावच्या माणसाला त्याहून कितीतरी लांब. तेव्हा आपल्यापुढे प्रश्न उभा राहतो तो जवळपासच्या सेवेचा. कुठे सरकारी रुग्णालय असते, कुठे एखादी धर्मादाय संस्था, कुठे घरी नर्स पाठवणारी खाजगी मंडळी. अलीकडे आरोग्य उपकेंद्राचे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले आहे. तिथे ज्या बारा प्रकारच्या सेवा मिळाव्यात असे ठरले आहे, त्यांत वृद्धांची आणि उपशामक सेवाही आहे. कागदावर आहे एवढ्याने ती मिळतेच असे नाही. म्हणून ती पारखायची कशी, एवढाच आजचा विषय.

मी स्वतः या परीक्षेत एकदा नापास झालेलो आहे. ती गोष्ट आधी सांगतो.

माझे थोरले मामा दारव्हा तालुक्यातले शेतकरी. जन्मभर कापूस आणि तूर, आणि दिवसाला चार-पाच खर्रे. शेवटी गालाला कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, शेक झाला, आणि वर्षभराने पुन्हा गाठ आली, तेव्हा वर सांगितलेले वाक्य आम्हांलाही ऐकावे लागले. मी एका शहरातली एक संस्था बघायला गेलो. फरशी चकचकीत, अंगणात तुळस, भिंतीवर संतांच्या तसबिरी, आणि कचेरीतले गृहस्थ अत्यंत गोड बोलणारे. मी एम.ए. झालेला माणूस; वर्गात पोरांना ‘प्रश्न विचारा, प्रश्न विचारा’ म्हणून बजावणारा. मी तिथे एकच प्रश्न विचारला: ‘खोली मिळेल का?’ खोली मिळाली. पहिल्याच रात्री मामा म्हणाले, ‘बाबू, दुखनं थांबत नाही रे.’ डॉक्टर आठवड्यातून तीनदा येत, आणि तो दिवस त्यांचा नव्हता. नोकर माणूस अंगदुखीची गोळी देऊन झोपी गेला. अशा चार रात्री काढून आम्ही मामांना घरी आणले.

त्यानंतर मी जे शिकलो ते आता तुम्हांला सांगतो आहे.

कुठेही गेलात की फरशी बघू नका, आधी विचारा: ‘तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का? नेहमी असतात का?’ कर्करोगाच्या जबर दुखण्यावर हेच मुख्य औषध, आणि ते तोंडाने घेता येते. मॉर्फिन अफूपासून निघते, म्हणून त्यावर कायद्याचा कडक पहारा आहे. १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्याने एकाच वेळी चार-चार परवाने लागू लागले, आणि पुष्कळ दवाखान्यांनी कटकट नको म्हणून ते औषध ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मंजुरी मिळाली की ती संस्था हे औषध ठेवू शकते. तेव्हा जो कोणी अखेरच्या आजाराची सेवा करतो म्हणतो, त्याने ‘मॉर्फिन? छे, ते कुठे मिळते!’ असे उत्तर दिले, तर समजा की जबर दुखण्यावरचा मुख्य उपायच त्याच्याकडे नाही.

इथे घरातली वडील मंडळी म्हणतील, ‘अफूच ती! सवय लागेल.’ दुखणाऱ्या माणसाला दुखण्याच्या मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध दिले, तर त्याचे व्यसन लागणे फार क्वचित घडते. ते घड्याळाच्या काट्यावर द्यायचे असते, साध्या गोळ्या असल्या तर सामान्यतः दर चार तासांनी. दुखू लागले की मग गोळी, असे नव्हे. आणि मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, जवळजवळ प्रत्येकाला. म्हणून जाणता डॉक्टर मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ होण्याचे औषध बरोबरीने लिहितो. चिठ्ठीत मॉर्फिन आहे आणि ते दुसरे औषध नाही असे दिसले, तर बेधडक विचारा. ही एक ओळ बघून तुम्हांला त्या डॉक्टरचा या विषयातला अभ्यास बराचसा कळेल.

दुखणे मोजतात का, हेही बघा. तुम्ही म्हणाल, दुखणे काय मोजायचे! आपल्याकडे पिकाची पैसेवारी काढतात ना, तसेच ते. रोग्याला विचारायचे, ‘शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे, तर आता किती?’ तो सांगेल तो आकडा कागदावर लिहायचा, औषध द्यायचे, आणि पुन्हा विचारायचे. आणि पैसेवारीचे आपले रडगाणे तुम्हांला ठाऊकच आहे: शेतात पाय न ठेवता कचेरीत बसून काढली की ती ५० पैशांच्या वर जाते, आणि शेतकऱ्याच्या घरात मात्र दाणा नसतो! दुखण्याचेही तसे होऊ शकते. म्हणून रोग्याच्या कागदावरचे आकडे बघा आणि रोग्याला स्वतः विचारा. दोन्ही जुळले तर ठीक.

दुसरी पारख रात्रीची. दिवसा कोणीही गोड बोलेल. त्यांनी जो दूरध्वनी क्रमांक दिला असेल, त्यावर एकदा रात्री दहानंतर बोलून बघा. कोणी उचलतो का? उचलणाऱ्याला काही कळते का, की ‘सकाळी या’ एवढेच येते? आपल्या भागात पावसाळ्यात नाला आला की गाव तुटते. तेव्हा माणूस येऊ शकणार नाही हे मान्य. पण जो खरा जाणकार आहे तो पाऊस लागण्याआधीच जास्तीचे औषध देऊन ठेवतो, आणि मधेच दुखणे उसळले तर काय किती द्यायचे, हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून देतो. घरच्या सुनेला वाचता येईल असे.

आता एक अवघड गोष्ट. तोंडाच्या कर्करोगाची जखम फुटली की तिला वास येतो. हा वास रोग्याला माणसांतून उठवतो. नातवंडे जवळ येत नाहीत, शेजारी दारातून विचारपूस करून जातात, आणि रोग्याला ते सगळे समजते. मेट्रोनिडाझोल नावाची साधी, स्वस्त गोळी आहे. तिची पूड करून जखमेवर टाकली तर हा वास पुष्कळ कमी होतो. जखमेत अळ्या झाल्या तरी त्यावर उपाय असतात. मामींना जेव्हा हे एका नर्सबाईंनी दाखवले, तेव्हा त्या रडल्या. म्हणाल्या, ‘इतकंच होतं तर अगोदर काहून नाही सांगितलं कोनी?’ तेव्हा घरी येणारी नर्स दारात उभी राहून कागद भरते, की बाजेवर रोग्याशेजारी बसते, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. चांगली नर्स स्वतः करून जाते त्याहून जास्त घरच्यांना शिकवून जाते: तोंड ओल्या फडक्याने कसे पुसावे, दर दोन तासांनी कूस कशी बदलावी, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करावे.

शिक्षणाचे विचारायला संकोच करू नका. या सेवेसाठी भारतातल्या जाणकारांनी किमान अटींची एक यादी केलेली आहे. निदान एका डॉक्टरने अनुभवी माणसाच्या हाताखाली दहा दिवसांचे तरी प्रशिक्षण घेतलेले असावे, प्रशिक्षित नर्स असावी, तोंडाने घ्यायचे मॉर्फिन सतत शिल्लक असावे आणि त्याची नोंदवही असावी, अशा त्या अटी. दहा दिवस! म्हणजे काही आकाशातला चंद्र मागितलेला नाही.

पैशाचे थोडक्यात. वांद्र्याचे आणि पुण्याचे केंद्र रोग्याकडून पैसे घेत नाही. सर्वांना ते जमणार नाही, पण दर आधी लिहून मागा. आणखी एक. आपली माणसे शेवटी ‘सलाईन तरी लावा’ म्हणतात. प्रत्येक वेळी मुकाट्याने बाटली लावून बिल करणारा वाईटच असे नाही, कदाचित तो तुमच्या समाधानासाठीही लावत असेल. पण अखेरच्या दिवसांत शरीराला ते पाणी पेलत नाही, छाती भरते, सूज येते, हे जो बसून समजावतो तो भरवशाचा. बैलजोडी विकायची वेळ आली असेल, तर ती कशासाठी विकतो आहोत हे कळण्याचा घरच्यांना हक्क आहे.

आणि रोग्याला कोणी काही विचारते का? आपण काय करतो, सगळे रोग्यापासून लपवतो, आणि रोगी आपल्याला वाईट वाटू नये म्हणून आपल्यापासून लपवतो. चांगला सेवक रोग्याला विचारतो, ‘तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे?’ कोणाला सगळे हवे असते, कोणाला काहीच नको असते. पण विचारले पाहिजे. शेताच्या वाटणीचे, मुलीच्या लग्नाचे, कोणाशी धरलेल्या अबोल्याचे काही मनात असेल, तर ते बोलायला वेळ हवा की नको?

शिक्षकबंधूंनो, आता तुमच्याकडे वळतो. २०१५ साली एका ब्रिटिश अभ्यासगटाने ८० देशांतल्या अखेरच्या सेवेची तुलना केली; त्यात भारत ६७ वा आला. पण त्याच भारतात केरळ आहे. तिथे १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केले. पुढे गल्लोगल्लीचे साधे लोक थोडे शिकून आपल्या शेजारच्या रोग्यांकडे जाऊ लागले. त्यांत दुकानदार होते, विद्यार्थी होते, शिक्षकही होते. २००८ साली केरळ सरकारने यासाठी धोरणच ठरवले. आपल्या गावात काय करता येईल? अंथरुणाला खिळलेल्या माणसांची एक वही आशाताईंच्या मदतीने करता येईल. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारता येईल: ‘यांच्यापैकी कोणाकोणाच्या घरी तुम्ही गेलात? मॉर्फिनसाठी जिल्ह्यात कुणाकडे पाठवता?’ प्रश्न गावाच्या तोंडून आला की त्याला वजन येते. घरी मृत्यू झाल्यास २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायची असते, दुःखात ते राहून जाते; तेही तुम्ही सांगू शकता. आणि सेवा देणारे पुढे महिनाभरात एकदा तरी त्या घरी डोकावले का, हेही वहीत लिहून ठेवा.

मामांचे सांगायचे राहिले. घरी आणल्यानंतर एका ओळखीच्या माणसाने शेजारच्या जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांचे नाव सांगितले. त्यांनी मामांना आधी विचारले, ‘दहापैकी किती?’ मामा म्हणाले, ‘अकरा.’ गोळ्या सुरू झाल्या, दोन वेळा प्रमाण बदलले, आणि तिसऱ्या रात्री मामा सलग सहा तास झोपले. त्यानंतर ते एकोणीस दिवस होते. त्यांत त्यांनी धाकट्या भावाला बोलावून धुऱ्याचे भांडण मिटवले, आणि एका सकाळी मी गेलो तर बाजेवर उशाला टेकून बसले होते. मला बघून जीभ जड असतानाही विचारले, ‘बाबू, कापसाले भाव काय निघाला यंदा?’