तंबू हवाच, पण वीस किलोंच्या आत

मनाली–लेह रस्त्यावरचे ओढे सकाळी एक असतात आणि दुपारी दुसरेच. रात्री डोंगरावरचं बर्फ घट्ट गोठतं, म्हणून पहाटे ओढ्याला घोटाभर पाणी. ऊन चढलं की वितळलेलं पाणी खाली धावतं आणि दुपारी तीन-चारला तोच ओढा गुडघ्याशी येतो. तळातले गोटे दिसेनासे होतात. अशा वेळी अलीकडेच थांबावं आणि सकाळी पाणी उतरलं की पार व्हावं, असं या रस्त्यावर मुरलेला प्रत्येक रायडर सांगतो. पण ते ऐकायचं तर अलीकडच्या काठावर रात्र काढता आली पाहिजे. म्हणून माझ्या यादीत तंबू हौसेच्या सामानात येत नाही, तो हेल्मेटच्या शेजारी येतो.

अडचण अशी की हाच तंबू चाळीस किलोंच्या बोचक्यात जाऊन मागच्या कॅरिअरवर बसला, तर गाडी आडवी पाडायलाही तोच कारण होतो. बीएस-६ हिमालयन ४११ या मोटरसायकलचं पेट्रोलसकट वजन १९९ किलो. तांगलांग ला ही या रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा असतो. दहा पावलं भरभर चाललं तरी छाती भरून येते. आडवी झालेली गाडी दोघांनी मिळून उचलायची ती अशा हवेत, ओल्या बुटांनी, घसरत्या गोट्यांवर. म्हणून मुक्कामाचं सामान, कपडे, हत्यारं, खाणं असं सगळं मिळून वीस किलोंच्या आत बसवा, असा माझा आग्रह असतो. पाणी आणि जादा पेट्रोल त्याशिवाय.

वीस किलो किती, याच्याइतकंच ते कुठे हेही महत्त्वाचं. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकलेलं वजन गाडीला मागून खाली दाबतं आणि पुढचं चाक हलकं करतं. मग वाळूत हँडल तरंगल्यासारखं होतं, वेगात मागून डुलायला लागतं. जड वस्तू खाली आणि जितक्या स्वाराजवळ जमतील तितक्या आणायच्या. हत्यारं, सुटे भाग, पाण्याची बाटली दोन्ही बाजूंच्या सॅडल बॅगांच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात. दोन्ही बॅगा स्प्रिंगच्या ताणकाट्यावर तोलून सारख्या करायच्या. वरच्या टेल बॅगेत फक्त फुगीर आणि हलकं सामान: स्लीपिंग बॅग, जाकीट, मॅट. सायलेन्सरच्या बाजूची कापडी बॅग नळीपासून सुटी राहते ना, हे माणूस बसल्यावर आणि सस्पेन्शन दबल्यावर पाहायचं. उभ्या गाडीवर चार बोटं दिसणारं अंतर खड्ड्यात शून्य होतं. सामान चढवल्यावर मागच्या शॉकअब्सॉर्बरचा प्रीलोड आणि टायरमधली हवा गाडीच्या पुस्तिकेनुसार वाढवायची. हे दोन मिनिटांचं काम निम्मे लोक विसरतात, आणि मग गाडीला दोष देतात.

आता मुक्कामाच्या सामानाकडे. दोन किलोंच्या आसपासचा दुहेरी कापडाचा, स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू घ्यावा. काही अतिहलके तंबू ट्रेकिंगच्या काठीवर उभे राहतात. मोटरसायकलवाल्याकडे ती काठी नसते. खुंट्यांवर विसंबलेला तंबू वाटेतल्या सार्चूच्या दगडी मैदानातही त्रास देतो, कारण खुंटी आतच जात नाही. तिथे दोऱ्या दगडांना बांधायच्या. घेताना घडी केलेल्या काठ्यांची लांबी बघा. ४५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ती टेल बॅगेत आडवी मावते. साठ झाली की बाहेर डोकावते आणि कशात तरी अडकते.

झोपेचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पैसा इथेच चुकीच्या जागी जातो. स्लीपिंग बॅगवर बहुधा तापमानाचे दोन-तीन आकडे असतात. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे पहिला ‘कम्फर्ट’, दुसरा ‘लिमिट’ आणि तिसरा ‘एक्स्ट्रीम’. दुकानात ठळक दिसतो तो अनेकदा दुसरा किंवा तिसरा. तिसऱ्या आकड्यापाशी माणूस झोपत नाही, थंडीनं जीव धोक्यात येण्याची ती पायरी आहे. खरेदी करायची ती पहिल्या आकड्यावर. सार्चू ४,२९० मीटरवर आहे. भर उन्हाळ्यातही तिथली रात्र शून्याजवळ जाते आणि सप्टेंबरात खाली उतरते. तेव्हा कम्फर्ट शून्य किंवा उणे पाच असलेली बॅग घ्यावी आणि आत लोकरी टोपी व थर्मल घालून झोपावं. पिसांची बॅग हलकी असते आणि लहान गुंडाळता येते, पण ओली झाली की ऊब संपली. कृत्रिम भरण थोडं जड असतं, पण भिजल्यावरही बरंच तग धरतं. पुण्याहून पावसात निघणाऱ्याला मी दुसरी सुचवेन. पिसांची घेतलीच, तर ती तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीतच ठेवा. बॅगेवर चढवायचं पावसाळी कव्हर वेगात फुग्यासारखं फुगतं आणि पाणी आत घेतं.

याहून दुर्लक्षित वस्तू म्हणजे मॅट. अंगाखाली दबलेलं भरण ऊब धरत नाही, त्यामुळे जमीन थेट पाठीतून उष्णता ओढून घेते. महागड्या बॅगेतही पहाटे तीनला कुडकुडत जागे होणारे बहुतेक जण वरून नाही, खालून गारठलेले असतात. पाचशे ग्रॅमच्या आतली जाड फोमची घडीची मॅट पंक्चर होत नाही, सॅडल बॅगेवर बाहेर बांधता येते आणि दुपारी ढाब्याबाहेर बसायलाही होते.

सकाळी तंबूच्या बाहेरच्या कापडाला आतून दवाचा पातळ बर्फ धरलेला असतो. बोटं बधिर, झिप अडते, कापड झटकलं की बारीक कण मानेवर पडतात. हे ओलं कापड स्लीपिंग बॅगेशेजारी कोंबायचं नाही. त्याला वेगळी पिशवी, आणि ती सगळ्यांत वर, म्हणजे दहा वाजता उन्हात पसरता येते.

स्वयंपाकाच्या बाबतीत मी कंजूष आहे. सार्चूच्या उंचीवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ उघड्या भांड्यात शिजवत बसणं म्हणजे गॅस जाळणं. आपल्याकडे यावर तयार उत्तरं आहेत: पातळ पोहे, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, गुळाच्या वड्या. पोह्यांवर कोमट पाणी शिंपडून, तिखट-मीठ लावून झाकून ठेवलं की काम झालं. एक भांडं, एक चमचा, एक छोटा बर्नर पुरतो. गॅसच्या डबीत नुसतं ब्यूटेन असेल तर शून्याच्या आसपास ते वायूत बदलायचंच थांबतं. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्यावं. ही डबी विमानात चालत नाही आणि रेल्वेतही ज्वालाग्राही माल नेता येत नाही, तेव्हा ती मनालीत किंवा लेहमध्येच घ्यायची. गाडी पार्सलनं चंडीगढला पाठवणाऱ्यांना टाकी रिकामी करून द्यावी लागते, तोच नियम. आणि बंद तंबूत बर्नर कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोकं दुखलं तरी उंचीमुळेच दुखतंय असं वाटत राहतं.

उंचीचा त्रास खराच असतो. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून एका दिवसात सार्चू गाठणं सोपं झालंय, पण त्यामुळे शरीराला रुळायला वेळ मिळत नाही. पहिल्या एक-दोन रात्री केलाँग किंवा जिस्पाला, ३,२०० मीटरच्या आसपास काढाव्यात.

कपड्यांबद्दल फार सांगत नाही: अंगावर एक, बॅगेत एक, झोपायला एक. सामान बांधायला लवचीक बंजीऐवजी बकलचे सपाट पट्टे वापरा. सुटलेला बंजीचा आकडा डोळ्यावर येतो किंवा चेनमध्ये जातो.

वाटेतल्या तांडीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं रायडरांच्या फोटोत झळकत आली आहे. १५ लिटरच्या टाकीवर हे अंतर सहसा निघतं, पण चढ आणि वारा मिळून सरासरी खाली आणतात. दोन-तीन लिटरचा जादा डबा न्यावा. भरलेला असताना तो खाली, पायाजवळच्या बाजूला बांधावा.

निघण्याच्या महिनाभर आधी हे सगळं सामान लादून भंडारदऱ्याला दोन रात्री राहून या. घाटातल्या वळणांवर गाडी कशी झुकते ते कळेल, तंबू अंधारात उभारून होईल. मऊ गवतावर गाडी सामानासकट हळूच आडवी करा आणि मित्राबरोबर उचलून पाहा. घरी आल्यावर सगळं जमिनीवर मांडा. औषधं, पंक्चरचं किट, क्लच वायर या वस्तूंना हात लागला नसला तरी त्या परत बॅगेत जातील. बाकी जे दोन रात्रींत बाहेरच आलं नाही, ते कपाटात ठेवा.