चपळ पिलासाठी परसातील काढते-घालते कुंपण

मराठवाडा, सोलापूर, सांगली आणि त्यास लागून असलेला कर्नाटकाचा भाग या प्रदेशात राखणीसाठी कारवानी कुत्रा पाळण्याची चाल जुनी आहे. मुधोळच्या नावावरून त्यास मुधोळ हाउंड असेही म्हणतात. ही जात मूळची शिकारीची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, तरी धावण्याची ओढ तिच्या रक्तातून गेलेली नाही. सहा महिन्यांचे पिलू मोकळे सोडले तर ते रोपवाटिका तुडविते, कोंबड्या मारते, शेजाऱ्याच्या करडामागे लागते आणि त्यातून भांडण उभे राहते. उलटपक्षी, त्यास दिवसभर साखळीने बांधले तर ते चिडखोर होऊन घरच्या मुलासही चावण्याचा संभव असतो.

या दोहोंतून निघणारा मार्ग म्हणजे कुंपण घातलेले परस. परंतु शेतकऱ्याचे परस केवळ कुत्र्यासाठी नसते. सुगीत तेथे धान्य वाळवावयाचे असते, गाडी फिरवावयाची असते, लग्नकार्यात मांडव घालावयाचा असतो. म्हणून हे कुंपण काढता-घालता येणारे असावे.

जागा : घराच्या भिंतीचा आधार घेऊन अठरा फूट लांब व बारा फूट रुंद जागा आखावी. एक बाजू भिंतीची असल्याने उरलेल्या तीन बाजूंना बेचाळीस फूट कुंपण लागते. खांबांत सहा-सहा फुटांचे अंतर ठेवल्यास आठ खांब व सात चौकटी पुरतात. जागेत झाडाची सावली असणे इष्ट; नसल्यास लहान छप्पर करावे.

खांब : दीड इंची नळाचे साडेसात फुटी खांब घ्यावेत. ते जमिनीत कायमचे न पुरता दोन इंची नळाच्या दीड फूट लांबीच्या बाहीत उभे करावेत. दोन फूट खोल खड्ड्याच्या तळाशी सहा इंच खडी घालून तीवर बाही ठेवावी व भोवती काँक्रीट भरावे. खडीमुळे पाणी निचरते व नळ लवकर गंजत नाही. काँक्रीट घट्ट होईपर्यंत खांब बाहीतच ठेवून ओळंब्याने सरळ करावा. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब कलतात. अशा ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खणावे. बाहीचे तोंड जमिनीच्या सपाटीत असावे. खांब काढल्यावर त्यात लाकडी बूच बसविण्यास विसरू नये. नाहीतर बैलाचा वा मुलाचा पाय अडखळेल.

चौकटी : प्रत्येक चौकट पाच फूट नऊ इंच रुंद व सहा फूट उंच असावी. एक इंची लोखंडी अँगलच्या चौकटीवर दोन इंची चौकोनांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्ड जाळी लावावी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी पिलू दातांनी तोडते. आडवी पट्टी बाहेरच्या अंगास असावी, म्हणजे आतून चढण्यास पाय टेकता येत नाही. तारेची टोकेही बाहेर वळवावीत. चौकटीच्या कड्या खांबावरील आकड्यांत बसवून प्रत्येक आकड्यास वरून खिळी घालावी. अन्यथा पिलू उसळी मारून चौकट उचलते. अशी चौकट दोन माणसे सहज उचलू शकतात. एका चौकटीत दार करावे. ते आत उघडणारे असावे, म्हणजे पिलाने रेटल्यास ते अधिक घट्ट बसते. कडी बाहेरून असावी.

उकरणे व उडी मारणे : चौकटीखाली दोन इंचांपेक्षा अधिक फट ठेवू नये. आतील बाजूस दीड फूट रुंदीची जाळी जमिनीवर आडवी पसरून, कुंपणाच्या तळाशी बांधून, तीवर फरश्या ठेवाव्यात. कुंपणालगत बाज, पिंप वा सरपणाचा ढीग ठेवू नये. पिलू त्यावरूनच बाहेर उडी घेते. काटेरी तार वापरू नये. कुंपणात विजेचा प्रवाह तर कधीही सोडू नये. त्याने माणसाचा जीव जातो.

खर्च झेपत नसेल तर जाळीऐवजी उभ्या बांबूंची ताटी चालते. मात्र बांबू मातीत रोवू नये, वाळवी लागते. कुरतडलेले बांबू वेळीच बदलावेत.

कुंपण घातले म्हणजे मालकाचे काम संपत नाही. पिलास सकाळ-संध्याकाळ दोरीने बांधून शिवारात फिरवून आणावे. ज्याचे अंग दमत नाही, ते पिलू कोणतेही कुंपण उकरीतच राहील. आत स्वच्छ पाणी सदैव भरलेले असावे.

या कुंपणाचा मोठा लाभ आणखी एक आहे. भटक्या कुत्र्यांशी संपर्क कमी झाल्याने पिसाळण्याचा रोग लागण्याचा धोका घटतो. तरीही तीन महिने वय होताच पिलास रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी टोचावी. कोणास कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील वेल्डिंग कारागिराकडून नमुन्याची एक चौकट व एक बाही करवून ती लोकांस दाखवावी. प्रत्यक्ष पाहिलेली वस्तू शेतकरी लवकर उचलतो. राखणीचे इमानी जनावर, कोंबड्या आणि शेजाऱ्याशी असलेला सलोखा ही तिन्ही या एका कुंपणाने टिकतात.