वाचलेलं निसटतं, आठवलेलं टिकतं: मेंदू लक्षात कसं ठेवतो?

२०२५ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला एक बातमी खूप फिरली. अहिल्यानगरच्या १९ वर्षांच्या देवव्रत महेश रेखे यांनी वाराणसीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं दंडक्रम पारायण पूर्ण केलं होतं. सुमारे २,००० मंत्र, ५० दिवस, आणि सगळं तोंडपाठ. पंतप्रधानांनीही कौतुक केलं. नाशिककरांसाठी त्या बातम्यांमध्ये आणखी एक ओळ होती: असं पारायण याआधी सुमारे २०० वर्षांपूर्वी नाशिकमध्ये वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केलं होतं, असं त्यात म्हटलं होतं.

अशी बातमी आली की घरोघरी एक तुलना होतेच. ‘त्याने दोन हजार मंत्र पाठ केले आणि तुला जिल्ह्यातले पंधरा तालुके सांगता येत नाहीत!’ ऐकणारं मूल मनातल्या मनात ठरवून टाकतं की आपलं डोकंच कमी आहे. पण माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि शिकताना त्या एकमेकींशी जोडण्या करतात, हे वेदपाठी तरुणाच्या बाबतीत जितकं खरं तितकंच सहावीतल्या मुलीच्या बाबतीतही. मोठा फरक पडतो तो पाठ करण्याच्या पद्धतीने आणि त्यासाठी दिलेल्या वर्षांनी.

पंधरा तालुके एकदम का शिरत नाहीत?

मेंदूत नवी माहिती आधी एका छोट्या जागेत येते. तिला कार्यस्मृती म्हणतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी ही जागा. काम तिथेच होतं, पण मावतं फार थोडं. एका वेळी साधारण चार, फार तर सात गोष्टी. पंधरा नावं एकदम ओतली तर बाकीची खाली सांडणारच.

म्हणून गठ्ठे करायचे. नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेला सह्याद्रीच्या बाजूने वरून खाली या: सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. मग उत्तरेकडचे कळवण, बागलाण, देवळा, मालेगाव. पूर्वेकडे नांदगाव, येवला, चांदवड. उरले दिंडोरी, निफाड, नाशिक आणि सिन्नर. पंधरा सुटी नावं आता चार गठ्ठे झाली, आणि प्रत्येक गठ्ठ्याला नकाशावर एक जागा मिळाली. ज्याचं आजोळ कळवणला आहे, त्याला तर दुसरा गठ्ठा जवळजवळ फुकटात मिळतो. नवी गोष्ट जुन्या ओळखीच्या गोष्टीला अडकवली की ती घट्ट बसते.

ओट्यावरून फडताळात

ओट्यावरचं सामान फडताळात नेऊन लावण्याचं काम ज्याच्यावाचून अडतं, तो भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, दोन्हीकडे एकेक. त्याचं महत्त्व कळलं ते एका दुर्दैवी शस्त्रक्रियेमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाला फिट्सचा फार त्रास होता, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर घडलेलं काहीच त्याच्या लक्षात राहीना. लहानपण आठवायचं, दहा मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस आठवत नसे.

गंमत अशी की आरशात बघून चांदणीची आकृती गिरवणं तो तीन दिवसांत शिकला. रोज हात सुधारत गेला, आणि रोज त्याला वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय. हाताची आठवण वेगळीकडे साठते. नाशिक ढोल शिकणाऱ्याला हे पटेल. सुरुवातीला ठेका मोजत वाजवावा लागतो, काही आठवड्यांनी हातच वाजवतात, आणि ‘कसं वाजवलंस?’ विचारलं तर सांगता येत नाही.

फडताळ लावण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. दिवसभरात शिकताना चेतापेशी ज्या क्रमाने जाग्या झाल्या होत्या, त्याची उजळणी झोपलेला मेंदू करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागणारा विद्यार्थी नेमकं हेच काम बंद पाडतो. कुमारवयात ८ ते १० तास झोप लागते. हा आळस नव्हे.

दंडक्रमात असतं तरी काय?

वेद पाठ करण्याच्या परंपरेत सलग पाठ, सुटी पदं म्हणणारा पदपाठ आणि दोन-दोन पदं जोडत जाणारा क्रमपाठ असतो. त्याच्या पुढे जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन असे आठ अवघड प्रकार. दंडाचा साचा मंत्राऐवजी साध्या वाक्यावर करून पाहा: ‘गोदावरी नाशिकहून पैठणकडे वाहते’.

गोदावरी नाशिकहून, नाशिकहून गोदावरी.
गोदावरी नाशिकहून, नाशिकहून पैठणकडे, पैठणकडे नाशिकहून गोदावरी.
गोदावरी नाशिकहून, नाशिकहून पैठणकडे, पैठणकडे वाहते, वाहते पैठणकडे नाशिकहून गोदावरी.

चार शब्दांचं वाक्य, आणि तरी जीभ अडखळते. तिथेच खरी मेख आहे. सरळ म्हणताना तोंड सवयीने पुढे धावतं. उलटं म्हणताना प्रत्येक शब्द मुद्दाम आठवून काढावा लागतो. शिवाय प्रत्येक शब्दाची गाठ मागच्या आणि पुढच्या, दोन्ही शब्दांशी बसते. एक शब्द गळाला तर लगेच कळतं. छापखाना नसलेल्या काळात मजकूर जसाच्या तसा जपण्यासाठी लोकांनी केलेली ही व्यवस्था होती, आणि तिच्यातली आठवण्याची मेहनत आजच्या मेंदूविज्ञानाला ओळखीची वाटते.

वाचणं आणि आठवणं

२००६ मध्ये अमेरिकेतले संशोधक रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाला उतारा वाचायला चार वेळा वेळ दिला. दुसऱ्या गटाला एकदाच. मग कागद बाजूला ठेवून तीन वेळा आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना उताऱ्यातलं ४० टक्के आठवत होतं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

याहून महत्त्वाचं म्हणजे, ‘मला चांगलं लक्षात राहील’ अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच जास्त होती. धडा पाचव्यांदा वाचताना डोळ्यांना तो ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच पाठांतर असा समज होतो. पिवळ्या-गुलाबी हायलायटरने रंगवलेली पुस्तकंही हाच दिलासा देतात. पुस्तक मिटून काय आठवतं ते पाहिलं की खरा हिशोब समजतो. त्यात अडखळायला होतं, वैताग येतो. पण आठवण घट्ट होते ती त्याच खटपटीत.

ही खटपट एका बैठकीत उरकून चालत नाही. जर्मनीच्या हरमान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो मांडला. पहिल्या तासाभरातच अर्ध्याहून अधिक गळतं, मग गळती मंदावते. त्यामुळे आज पाठ केलेले तालुके उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आठवून पाहणं हे एकाच संध्याकाळी वीस वेळा घोकण्यापेक्षा भारी पडतं.

मेंदू खरंच बदलतो का?

हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूचे एमआरआय काढून इतर २१ जणांशी तुलना झाली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडितांच्या उजव्या हिप्पोकॅम्पसमध्ये करडं द्रव्य जास्त आढळलं. समाजमाध्यमांवर याचं ‘वेदपठणाने मेंदू वाढतो’ असं सरळ भाषांतर झालं, ते घाईचं आहे. ही एका वेळची तुलना होती. मेंदू पठणाने तसा झाला की तसा मेंदू असलेलेच पठणात टिकले, हे तिच्यातून ठरत नाही. लंडनमध्ये मात्र टॅक्सीचालक होऊ पाहणाऱ्यांचे मेंदू प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर तपासले गेले. शहरातले हजारो रस्ते पाठ करून जे परीक्षा पास झाले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. नापास झालेल्यांत तसं दिसलं नाही.

पण ही वाढ सगळ्याच कामांना लागू पडत नाही. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात एक सामान्य विद्यार्थी सुमारे वीस महिन्यांच्या सरावाने ७९ अंकांची रांग एकदा ऐकून म्हणून दाखवू लागला. सुरुवातीला त्याला जेमतेम सात जमायचे. तो धावपटू होता; अंकांचे गठ्ठे करून तो त्यांना शर्यतीच्या वेळांशी जोडायचा. अंकांऐवजी अक्षरं ऐकवली, तेव्हा तो सहा अक्षरांपाशी अडला.