‘पोकळ टोक’ : एक संज्ञा, दोन प्रयोजने

मराठीतील ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आला. पुंगळी, दारू, आघाताने पेटणारी टोपी आणि गोळी या चार घटकांचा तो संच होय. व्यवहारात मात्र संपूर्ण संचासही ‘गोळी’च म्हणतात, परिणामी निवडीचा मुख्य निकष, म्हणजे प्रत्यक्ष गोळीची घडण, दृष्टीआड होतो.

शिकारीच्या गोळीचे प्रयोजन जनावरास तत्काळ मृत्यू देणे हे असते. म्हणून तिच्या टोकाशी मऊ शिसे उघडे राखतात किंवा पोकळी ठेवतात; शरीरात शिरताच टोक फुलते व जखम रुंदावते. नेमबाजीत अपेक्षा असते ती एकसारखेपणाची. ५० मीटर स्पर्धेतील ५.६ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी बहुधा ध्वनीहून, म्हणजे सेकंदास सुमारे ३४० मीटरांहून, कमी वेगाने सोडतात; कारण ध्वनिवेगाखाली उतरताना गोळीची स्थिरता बिघडू शकते.

घोटाळा होतो तो संज्ञेमुळे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीतील कित्येक गोळ्यांचे टोकही पोकळ असते. बूड बंद व काटेकोर राखण्यासाठी तांब्याचे वेष्टन टोकाकडून मिटवितात, तेव्हा हे सूक्ष्म छिद्र उरते. फुलण्याशी त्याचा संबंध नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये शिकार सर्वसाधारणतः निषिद्ध आहे. परंतु जेथे ती विहित आहे, तेथे नावावरून अशी गोळी निवडल्यास ती न फुलता आरपार जाऊन जनावर तडफडत राहण्याचा संभव असतो.

सारांश, ‘पोकळ टोक’ ही संज्ञा रूप सांगते. कार्य घडणीवरूनच ओळखावे लागते.