गीझरला पाणी कळते, हवा कळत नाही

थंडी पडली की कोल्हापुरात पहाटे पहिली घाई असते ती कढत पाण्याची. पूर्वी दारात नाहीतर परड्यात बंब असायचा. शेणी, चिपाडे, लाकडे घालून तो पेटवायचा. धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाजूला सरायचा. आता वस्तीत परडे उरले नाही. मोरीला दार लागले, भिंतीवर गॅसचा गीझर आला. त्याचा धूर दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे आपण धरून चालतो.

गेल्या थंडीत आमच्या वस्तीतल्या एका घरी दहावीतली मुलगी न्हायला गेली. तिच्या आधी दोघांच्या आंघोळी झाल्या होत्या. थोड्या वेळाने आत तांब्या पडल्याचा आवाज आला. आईने हाका मारल्या, उत्तर नाही. भावाने खांदा लावून कडी तोडली. पोरगी बेशुद्ध. ओट्यावर गर्दी जमली. कोणी कांदा हुंगवला, कोणी म्हणाले, “बाहेरचं असंल, अंगारा लावा.” तेवढ्यात शेजारच्या आशाताई आल्या. त्यांनी एकच विचारले, “आत गीझर चालू हुता का?” त्या एका प्रश्नाने मुलगी वाचली. दवाखान्यात तिला लगेच ऑक्सिजन लावला आणि दुसऱ्या दिवशी ती घरी आली.

नंतर मिस्त्रीने गीझर उघडून पाहिला. त्यात काहीच बिघाड नव्हता! मग झाले काय? वारा आत येतो म्हणून मोरीच्या झरोक्याला पोते लावले होते.

आतला कंट्रोल काय करतो?

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने गीझरमधला रबरी पडदा ढकलला जातो. पडद्याची दांडी एक लहान स्विच दाबते. मग सेलवर टक-टक ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत पेटते. ज्योतीशेजारची एक तार ज्योतीवर लक्ष ठेवते. ज्योत नसेल तर गॅस बंद होतो. नळ बंद केला की पडदा मागे येतो आणि ज्योत विझते.

म्हणजे कंट्रोलला पाणी कळते, ज्योत कळते. आपल्याकडच्या साध्या गीझरला खोलीतली हवा मात्र कळत नाही. लहान बंद मोरीत ज्योत तिथलाच ऑक्सिजन वापरते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तसा तो येत नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. मार्च २०२३ मध्ये रंग खेळून आलेले घाटकोपरचे एक जोडपे बाथरूममध्ये मृत सापडले, तेव्हाही संशय गीझरच्या वायूवरच होता.

महिन्यातून एकदा घरी करायची तपासणी

दार-खिडकी उघडी ठेवूनच हे करावे.

१. गीझर चालू करून नळ बंद करा. ज्योत त्याच क्षणी विझली पाहिजे. रेंगाळली तर रेग्युलेटर बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नका. पडदा खराब झालेला असतो किंवा क्षार साचून दांडी अडकलेली असते.

२. गीझर पेटलेला असताना रेग्युलेटर बंद करा. ज्योत विझेल, पुन्हा टक-टक होईल आणि थोड्या सेकंदांत ती आपोआप थांबली पाहिजे. थांबत नसेल तर कंट्रोल मिस्त्रीला दाखवा. आधी नळ बंद करा, मगच रेग्युलेटर पुन्हा चालू करा.

३. ज्योतीचा रंग पाहा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली, तर बर्नरमध्ये जाळी-धूळ अडकली आहे असे समजा. पण निळी ज्योत आहे म्हणून मोरी बंद करून बसू नका.

४. नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावा. फुगे आले तर गॅस गळतो आहे. काडी पेटवून कधीही बघू नका. गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करा, विजेचे बटण दाबू नका, घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

५. दोन्ही सेल एकदमच बदला. उन्हाळ्यात गीझर बंद असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून पट्ट्या गंजतात. नारिंगी सुरक्षा नळीवरची तारीख वाचा. पाच वर्षांनी नळी बदलावी.

यापुढचे काम आपले नाही. व्हॉल्व्ह खोलणे, स्विच तारेने जोडून टाकणे, पडद्याच्या जागी ट्यूबचा तुकडा बसवणे हे जिवावरचे उद्योग आहेत. दिवाळी झाली की वर्षातून एकदा जाणत्या मिस्त्रीकडून सर्व्हिसिंग करून घ्यावे. नवा गीझर घेताना आयएसआय खूण पाहावी.

जागा लहान असेल तर?

सर्वांत चांगले म्हणजे गीझर मोरीच्या बाहेर, उघड्या हवेत लावावा आणि आत फक्त पाण्याची नळी न्यावी. पण भाड्याच्या एका खोलीत हे प्रत्येकाला जमत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. “कडी लावू नका” हे सांगणे सोपे, पण दहा बाय दहाच्या घरात बाया-मुलींनी करायचे काय?

त्याला बिनपैशाचा उपाय आहे. दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी. गीझर बंद करावा. मोरीतली हवा जरा खेळू द्यावी. मग आत जाऊन खुशाल कडी लावावी. प्रत्येकाच्या आंघोळीला हाच क्रम ठेवावा, कारण एकामागून एक आंघोळी झाल्या की शेवटच्या माणसाच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते. बहुतेक घरांत हा शेवटचा नंबर घरातल्या बाईचाच असतो. झरोका कितीही थंडी असली तरी बुजवू नये. गरोदर बाई आणि लहान मूल यांची जास्त काळजी घ्यावी. पोटातल्या बाळाला या वायूचा धोका अधिक असतो.

कोणी कोसळले तर

आंघोळीत डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, पाय लटके पडणे ही खूण आहे. त्याला पित्त किंवा अशक्तपणा समजू नका. लगेच बाहेर या.

माणूस आत पडला असेल तर दार तोडा, गीझर बंद करा, त्याला ओढून उघड्यावर आणा. तिथे थांबून राहू नका, नाहीतर दुसराही पडतो. १०८ ला फोन करा. सीपीआर किंवा जवळच्या दवाखान्यात पोचताच “गॅस गीझर चालू होता” हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. हा वायू रक्तात असला तरी त्यावर आकडा चांगलाच दिसतो. फिट आल्यासारखे झाले तरी नजर, बाधा म्हणून वेळ घालवू नका. त्या पोरीला अंगाऱ्याने नव्हे, ऑक्सिजनने वाचवले.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे थांबून एकमेकांना विचारा : तुमचा गीझर कुठे आहे? झरोका उघडा आहे का? मग घरी जाऊन आधी पोते काढा.