डब्याचा धडा

दसरा झाला की नाशिकच्या आमच्या इंदिरानगरात माळे उतरायला लागतात. यंदा माझ्या माळ्यावरून जे निघालं ते गॅलरीत मांडलं आणि भंगारवाल्याला हाक मारली. तो उकिडवा बसला आणि पाच मिनिटांत ढिगाचे दोन ढीग केले. पुठ्ठा, रद्दी, जर्मनची पिचलेली परात, पितळी नळ, पाण्याच्या बाटल्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मेलामाइनचं तडकलेलं ताट, थर्माकोलचे ठोकळे, मिठाईच्या खोक्यांतली सोनेरी अस्तरं आणि चिवड्या-वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांची भरलेली पिशवी. ही पाकिटं मी वर्षभर धुऊन, वाळवून, घड्या घालून जपली होती.

"हे नको, काकू."

"अहो, प्लास्टिकच आहे ना?"

त्याने एक पाकीट मुठीत चुरगाळलं आणि मूठ उघडली. पाकीट कुरकुरत पुन्हा फुललं. "हे कुणीच घेत नाही. घंटागाडीत टाका."

वर्षभर त्या धुण्यावर किती पाणी घालवलं, याचा हिशोब मी त्याला सांगितला नाही.

घंटागाडी महाराष्ट्राला नाशिकने दिली, असं आम्ही नाशिककर छातीठोकपणे सांगतो. नव्वदीच्या दशकात इथे ती सुरू झाली. २००० सालच्या केंद्रीय नियमांनी दारोदार कचरा गोळा करण्याचं बंधन देशभरच्या शहरांवर घातलं, तेव्हा आमच्याकडे घंटा वाजून काही वर्षं झाली होती. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या उघड्या कुंड्या आणि त्यांत तोंड खुपसलेल्या गाई हळूहळू कमी झाल्या. हे मोठंच काम झालं. पण त्याबरोबर एक सवयही लागली. घंटा वाजली, बादली दिली, दार लावलं, की कचरा संपला. खरं तर तो तिथून पाथर्डीकडे निघालेला असतो.

शहराच्या सहा विभागांतला कचरा पाथर्डीच्या खत प्रकल्पावर उतरतो. ओल्याचं खत होतं. सुक्यातलं जे विकलं जात नाही पण जळू शकतं, त्याचं सिमेंटच्या भट्ट्यांसारख्या ठिकाणी चालणारं इंधन होतं. त्यातूनही उरलं ते जमिनीत. माझ्या पाकिटांचं बरं झालं तर भट्टी, नाहीतर खड्डा. यातल्या कशालाच पुनर्वापर म्हणता येणार नाही. जवळच विल्होळीला २०१७ मध्ये जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या साहाय्याने आणखी एक प्रकल्प उभा राहिला. हॉटेलांमधलं खरकटं आणि सेप्टिक टँकमधला मैला एकत्र कुजवून गॅस काढायचा आणि त्यावर वीज करायची. क्षमता दिवसाला ३० टनांची. कल्पना मला फार आवडते. पण त्या टाकीला खरकट्यात चमचे, पिशव्या, टूथपिक चालत नाहीत. जर्मन तंत्रज्ञानाची सगळी भिस्त शेवटी भांडी घासायच्या मोरीशी उभ्या असलेल्या पोऱ्यावर येऊन थांबते.

भंगारवाल्याचं 'नको' डोक्यातून जाईना, म्हणून एका दुपारी त्याच्या शेठच्या गोदामात गेले. तीन बायका पाण्याच्या बाटल्यांच्या राशीत बसल्या होत्या. एकीच्या हातात ब्लेडचं पातं. लेबल चिरायचं, टोपण फिरवून काढायचं, गळ्यातलं कडं पात्याने उचकटायचं आणि मग बाटली पायाखाली चेपायची. एवढा खटाटोप का, असं विचारलं तर एकीने बादली पुढे ओढून त्यात बाटलीचा तुकडा आणि टोपण टाकलं. तुकडा बुडाला, टोपण तरंगत राहिलं. एकाच बाटलीत दोन जातींचं प्लास्टिक, आणि वितळवताना त्यांचं एकमेकांशी जमत नाही. चिवड्याच्या पाकिटात तर छपाईचा थर, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पॉलिएस्टरचा थर आणि आतला पॉलिथिनचा थर एकमेकांना चिकटवलेले असतात. पॉलिथिन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टरला अडीचशेच्या वर तापवावं लागतं. हे थर सोडवायला जो खर्च येईल त्याच्या पासंगालाही त्यातून निघणाऱ्या मालाची किंमत पुरत नाही. चिवडा महिनोन् महिने कुरकुरीत ठेवणारी हीच करामत नंतर त्या पाकिटाला कुठलं गिऱ्हाईक मिळू देत नाही.

ज्याला गिऱ्हाईक मिळतं त्याचीही कथा सरळ नाही. परातीचं जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियमच, वितळवून कितीही वेळा नवं करता येतं, आणि खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जी ऊर्जा लागते तिच्या जेमतेम ५ टक्क्यांत. काचही कितीही वेळा वितळवता येते. रद्दीचं मात्र दर फेरीला आयुष्य घटतं. लगद्यातला तंतू आखूड होत जातो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर त्याला धरच राहत नाही. आपल्याकडे पाण्याच्या बाटलीची बहुतेक वेळा पुन्हा बाटली होत नाही, तिचा पॉलिएस्टरचा धागा होतो. तो उशीत, सतरंजीत, टी-शर्टात जातो. तो टी-शर्ट फाटला की त्याला कोण घेणार? बोहारीण? तिची नजर जरीच्या साडीवर असते.

२०१७ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये तीन अमेरिकी संशोधकांनी जगाच्या प्लास्टिकचा ताळेबंद मांडला. १९५० ते २०१५ या काळात माणसाने ८३० कोटी टन प्लास्टिक बनवलं, त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला, आणि त्यातलं फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आलं. १२ टक्के जाळलं. बाकीचं कुठे ना कुठे पडून आहे.

त्याच वर्षी जानेवारीत नाशिकमध्ये दुसरं काही घडत होतं. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने मोठ्या बंदोबस्तात उठवला. शेकडो दुकानं जमीनदोस्त झाली. बांधकामं अनधिकृत होती, आगी लागत, आसपासचे रहिवासी त्रासले होते. कारवाई चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांचं आणि आपल्या माळ्यांवरचं भंगार याच पत्र्यांच्या शेडखाली निवडलं जात होतं. ते उद्यापासून कुठे निवडायचं, यावर त्या धामधुमीत फारसं कुणी बोललं नाही. बाजार पुन्हा बसला. २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा उठवला. पुण्यात मात्र कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना बांधली. पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलू लागली. आमच्याकडे हे लोक अजून अतिक्रमणाच्या बातम्यांतच भेटतात.

मग मुळात कचरा कमीच का करू नये? राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली आणि जूनमध्ये दंड सुरू झाले. भाजीबाजारातल्या पातळ पिशव्या काही महिने खरंच दिसेनाशा झाल्या. नंतर दुकानांतून रंगीत, मऊ, कापडासारखी पिशवी मिळू लागली आणि आम्हाला हायसं वाटलं. ती कापडाची नाही. तीही पॉलिप्रॉपिलिनचीच, नुसती विणल्यासारखी दिसते. उन्हात महिनाभर ठेवली की तिचा भुगा हाताला लागतो. मिसळीच्या हॉटेलात आजही स्टीलची ताटली येते. तीच मिसळ 'पार्सल' म्हटली की रस्सा, मटकी, फरसाण, कांदा, लिंबू अशा पाच पुड्या होतात.

घरात मला जमलं ते ओल्याचं. गच्चीवर भोकं पाडलेले दोन ड्रम ठेवले. पहिला घाण झाला, कारण मी नुसती सालं आणि उरलेला भात कोंबत गेले. नत्र झालं जास्त, कर्ब कमी. जिवाणूंना नत्राच्या साधारण तीसपट कर्ब लागतो. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट आकारमानाचा पालापाचोळा टाकायला लागले तेव्हा वास गेला आणि तीन महिन्यांनी चहापत्तीसारखं काळं खत हाताला आलं. पाचोळा मिळवायला मात्र सकाळी झाडूवाल्या मावशींच्या आधी रस्त्यावर जावं लागतं, नाहीतर त्या तो गोळा करून पेटवतात.

सुक्याशी लढायला मेन रोडवरच्या एका दुकानात स्टीलचा डबा घेऊन गेले. अर्धा किलो चिवडा, सुटा. काउंटरवरच्या मुलाला डबा कसा मोजायचा कळेना. "काकू, पाकिटात भरून देतो ना, ते डब्यात ओता." गल्ल्यावरचे आजोबा हसले. "अरे, धडा कर आधी." मुलाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते उठून आले, रिकामा डबा इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला आणि एक बटण दाबलं. आकडा शून्यावर आला. पूर्वी याच कामासाठी दुसऱ्या पारड्यात डब्याच्या वजनाइतके खडे, खिळे, कधी एखादा नटबोल्ट टाकायचे, आणि त्याला म्हणायचे धडा. चिवडा तोलला, झाकण बसलं. तेवढ्यात मुलाने यंत्रातून चिकटपट्टी काढली, वजन, भाव, तारीख छापलेली, आणि झाकणावर थोपटून बसवली.

ती अजून निघालेली नाही. खोबरेल लावून पाहिलं, आता झाकण गरम पाण्यात भिजत घातलंय.